अभियंत्याला नेतृत्व शिकवायचं म्हणजे नेमकं काय शिकवायचं?

अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टचं सादरीकरण चालू आहे. चौघांचा गट समोर उभा आहे. परीक्षक सहज विचारतात, "तुमच्यात लीडर कोण?" तिघांच्या नजरा एकदमच चौथीकडे वळतात. कोड तिने लिहिलाय, सर्किट तिने जोडलंय, रिपोर्टही रात्र रात्र जागून तिनेच पुरा केलाय. परीक्षक मान डोलावतात, तिला चार मार्क जास्त देतात आणि पुढच्या गटाला हाक मारतात.

यात नेतृत्व कुठे दिसलं? मला तरी दिसत नाही. चौघांचं काम एकटीने उपसलं, एवढंच घडलं. बाकीच्या तिघांचं कुठे अडतंय हे तिने विचारलं नाही. "मला हे जमत नाहीये" असं म्हणायची त्या तिघांची हिंमत झाली नाही. चौघंही हुशार, चौघंही पास, आणि गटात काम करणं म्हणजे काय हे चौघांपैकी एकालाही कळलेलं नाही.

नेतृत्व आणि नवनिर्मिती हे दोन शब्द आज जवळपास प्रत्येक अभियांत्रिकी विद्यापीठाच्या माहितीपत्रकात सापडतात. ते शिकवायचे कसे, इथे मात्र गाडं अडतं. मग एखाद्या यशस्वी उद्योजकाला बोलावून दोन तासांचं प्रेरणादायी भाषण होतं. मुलं टाळ्या वाजवतात, सेल्फी काढतात आणि प्रयोगशाळेत परत जाऊन मागच्या बॅचचं जर्नल उतरवायला बसतात. नाहीतर व्यवस्थापनशास्त्रातले सिद्धांत उचलून एक पेपर बेतला जातो आणि "नेतृत्वाच्या शैली उदाहरणांसह स्पष्ट करा" असा दहा मार्कांचा प्रश्न पडतो. भाषण ऐकण्यात किंवा सिद्धांत वाचण्यात वाईट काही नाही. पण दोन्हींत विद्यार्थ्याला कोणताही निर्णय घ्यावा लागत नाही, आणि घोळ तिथेच आहे.

आधी 'नेतृत्व' या शब्दावरची धूळ झटकू. हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर मंच, माइक आणि खणखणीत आवाजात बोलणारा माणूस येतो. अभियंत्यांना ही प्रतिमा बहुतेक वेळा आपली वाटत नाही. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी नोकरी करणाऱ्या अभियंत्यांशी याबद्दल बोलायला सुरुवात केली, तेव्हा स्वतःला 'लीडर' म्हणवून घ्यायला अनेक जण कचरत होते. पण प्रत्यक्ष कामाबद्दल ते बोलू लागले, तसे नेतृत्वाचे तीन प्रकार पुढे आले. पहिला, तांत्रिक प्रभुत्वाचा: अडलेला माणूस ज्याच्या टेबलाशी जातो आणि जो हातचं न राखता समजावून सांगतो, तो. दुसरा, माणसं जोडणारा: कोणाला काय येतं हे ओळखून कामाची घडी बसवणारा. आणि तिसरा, कल्पना पार नेणारा, म्हणजे संस्थेतल्या अडथळ्यांतून वाट काढत ती कल्पना वापरात आणणारा. यातल्या एकालाही माइक लागत नाही.

अमेरिकेत अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणारी 'एबेट' नावाची संस्था आहे. तिच्या 2019-20 पासून लागू झालेल्या निकषांमध्ये गटकामाबद्दल एक कलम आहे. त्यातली शब्दरचना मला फार आवडते: ज्या गटाचे सदस्य मिळून नेतृत्व पुरवतात, अशा गटात नीट काम करता येण्याची क्षमता. सदस्य मिळून! म्हणजे नेतृत्व ही खुर्ची नाही, त्या गटात होणारी एक क्रिया आहे. आज ती एकाकडून होईल, उद्या दुसरीकडून. ही एक ओळ गांभीर्याने घेतली तर "तुमच्यात लीडर कोण?" हा परीक्षकांचा प्रश्नच बाद होतो.

एक तार, जी पुढे गेली नाही

सेंट लॉरेन्स नदीवर कॅनडात क्वेबेकजवळ एक पोलादी पूल उभा राहत होता. मधला गाळा 1,800 फुटांचा. पुरा झाला असता तर त्या जातीच्या पुलांमध्ये जगात सर्वांत लांब. सल्लागार अभियंता होते थिओडोर कूपर, त्या काळातलं फार मोठं नाव. पण ते बसायचे न्यूयॉर्कमध्ये. तब्येत साथ देत नव्हती, आणि पोलादी सांगाड्याचं काम चालू असताना ते जागेवर एकदाही गेले नाहीत. आपल्याकडे याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. जागेवर त्यांचा प्रतिनिधी म्हणून नॉर्मन मॅक्ल्युअर हा तरुण अभियंता होता.

1907 च्या ऑगस्टमध्ये खालच्या बाजूचे काही भाग वाकलेले दिसू लागले. एका भागाचा बाक आधी पाऊण इंच होता, तो 27 ऑगस्टला मोजला तर सव्वादोन इंच भरला. जागेवर वाद सुरू झाला. हा बाक कारखान्यातून येतानाच होता, असं काहींचं म्हणणं. भार वाढतोय तसा तो वाढतोय, असं मॅक्ल्युअरचं म्हणणं. काम थांबवायचा अधिकार कोणाचा, हे कोणालाच ठामपणे सांगता येईना. शेवटी मॅक्ल्युअर स्वतः न्यूयॉर्कला कूपरना भेटायला निघाला. 29 ऑगस्टला दुपारी कूपरनी तार केली: परिस्थितीचा नीट विचार होईपर्यंत पुलावर आणखी भार टाकू नका. पण तार गेली पूल बांधणाऱ्या कंपनीच्या पेनसिल्व्हेनियातल्या कचेरीत. तिथून ती पुलापर्यंत पोचलीच नाही. मॅक्ल्युअर कचेरीत आला की बसून बोलू, असं ठरलं. तो आल्यावर सकाळी बघू, असं ठरलं. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पूल कोसळला. 75 कामगार मेले.

ही गोष्ट मी वर्गात सांगायची ठरवतो तेव्हा एक मोह टाळावा लागतो. "पाहा, अहंकाराने काय होतं" असं म्हणून तात्पर्य काढलं की मुलं वहीत 'अहंकार वाईट' असं लिहून मोकळी होतात. शिवाय ते अर्धंच खरं आहे. हिशेबही चुकलाच होता: गाळा 1,600 वरून 1,800 फुटांवर नेला, पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचा आकडा त्या मानाने वेळेवर सुधारला नाही. गणिताची चूक वेगळी आणि नेतृत्वाची चूक वेगळी, असं इथे सोडवून दाखवता येत नाही. गणित तपासायला दुसरा कोणी नको, असा वरिष्ठांचा कल होता, म्हणून गणिताची चूक लपून राहिली.

त्यापेक्षा वर्गाला एक काम द्यावं. मोठा कागद घ्या. 27 ते 29 ऑगस्ट या तीन दिवसांत कोणत्या माणसाला काय माहीत होतं, त्याच्या हातात काय करायची सोय होती आणि त्याला कशाची भीती असेल, याचा नकाशा काढा. मग त्यात तुमच्या वयाचा माणूस शोधा. तो मॅक्ल्युअर असतो. आता सांगा, त्याच्या जागी तुम्ही तार कोणाला केली असती आणि त्यात कोणते शब्द लिहिले असते? ती तार खरोखर लिहायला लावायची. पंचवीस शब्दांत. बहुतेकांच्या पहिल्या खर्ड्यात "कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी" अशा थाटाचं काहीतरी येतं, आणि कोणी काय थांबवायचं हे त्यात नसतंच. दुसऱ्या-तिसऱ्या खर्ड्यापर्यंत वाक्याला कणा येतो. वाईट बातमी योग्य माणसापर्यंत, त्याला टाळता येणार नाही अशा शब्दांत पोचवणं हे कौशल्य आहे, आणि ते शिकवता येतं.

जाता जाता: कॅनडात अभियांत्रिकीचे पदवीधर 1925 पासून एका छोट्या समारंभात करंगळीत लोखंडी अंगठी घालतात. ती कोसळलेल्या पुलाच्या लोखंडाची असते, ही कथा लोकप्रिय आहे, पण खरी नाही.

न दिलेली माहिती मागणं

दुसरा प्रसंग जास्त परिचित आहे, म्हणून तो कसा शिकवतात एवढंच सांगतो. 28 जानेवारी 1986 ला 'चॅलेंजर' हे अवकाशयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झालं आणि सातही अंतराळवीर गेले. रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी कड्या थंडीत कडक होतात, अशी शंका अभियंत्यांनी आदल्या रात्रीच बोलून दाखवली होती.

व्यवस्थापनाच्या वर्गांत यावर एक खेळ खेळवला जातो. (ज्यांनी तो खेळलेला नाही, त्यांची मजा मी इथे घालवतो आहे.) विद्यार्थ्यांना सांगतात, तुमचा मोटार शर्यतीचा संघ आहे. मोसमात 24 शर्यती झाल्या, त्यांतल्या सातांत इंजिनाच्या गॅस्केटने (सांध्यातून गळती होऊ न देणाऱ्या पट्टीने) दगा दिला. आज थंडी खूप आहे, मेकॅनिकला वाटतं थंडीचा आणि गॅस्केटचा संबंध आहे. सोबत त्या सात बिघाडांचा आलेख मिळतो: तापमान एकीकडे, बिघाड दुसरीकडे. आलेखात काहीच सूत्र दिसत नाही. प्रायोजक वाट बघतोय. शर्यतीत उतरायचं की नाही?

बरेच गट उतरतात. आकडेमोड करतात, जोखीम मोजतात, आणि उतरतात. ज्या 17 शर्यतींत गॅस्केट टिकलं त्यांची तापमानं फार थोडे जण मागतात. ती मागितली की चित्र लख्ख होतं. चॅलेंजरच्या खऱ्या आकड्यांतही तेच होतं: 63 अंश फॅरनहाइट किंवा त्याखालच्या चारही उड्डाणांत कड्यांना इजा झालेली, आणि 66 अंश किंवा त्यावरच्या वीस उड्डाणांत फक्त तीनदा. त्या दिवशीचं तापमान 36 अंशांच्या आसपास होतं, म्हणजे सेल्सिअसमध्ये जेमतेम दोन.

पडदा उघडल्यावर वर्गात जी शांतता पसरते, तिच्यात शिक्षकाने लगेच बोलू नये. मुलांना आपली चूक आपणहून सापडायला हवी: समोर ठेवलेला कागद हीच सगळी माहिती आहे, असं आपण धरून चाललो. चार वर्षं परीक्षेत प्रत्येक गणितात लागणारे सगळे आकडे छापून मिळतात, जास्त नाही, कमी नाही. मग नसलेला आकडा मागायची सवय लागणार कुठून?

त्या रात्रीच्या खऱ्या बैठकीतलं आणखी एक वळण वर्गात जरूर दाखवावं. एरवी यान सुरक्षित आहे हे सिद्ध करावं लागायचं. त्या रात्री अभियंत्यांना ते असुरक्षित आहे हे सिद्ध करायला सांगितलं गेलं, आणि एका वरिष्ठाने सहकाऱ्याला अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची टोपी घालायला सांगितलं. प्रश्नाची दिशा उलटली की उत्तरही उलटतं. ही उलटापालट बैठकीच्या ओघात ओळखणं आणि "थांबा, आपण प्रश्न बदलला" असं म्हणणं हे माझ्या मते अभियंत्याच्या नेतृत्वाचं सर्वांत शुद्ध उदाहरण. त्याला पद लागत नाही. धाडस लागतं, आणि असं बोललेलं चालेल अशी हवा आजूबाजूला लागते.

या हवेला संशोधक एमी एडमंडसन यांनी मानसिक सुरक्षितता म्हटलं. 1990 च्या दशकात त्या रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या गटांत औषधांच्या चुका कमी होत असतील, असा त्यांचा अंदाज. आकडे आले ते उलटे: चांगल्या गटांत चुकांची नोंद जास्त. ते गट जास्त चुकत नव्हते, चुका झाल्या तर त्या लपवत नव्हते. विद्यापीठातल्या प्रयोगशाळेला हा निकष लावून बघा. आलेखावर न बसणारा बिंदू विद्यार्थी ठेवतो की खोडतो? खोडत असेल, तर तिथली हवा कशी आहे हे वेगळं सांगायला नको.

कल्पना सुचणं वेगळं, वापरात येणं वेगळं

आता नवनिर्मिती. शोध म्हणजे नवीन काही सापडणं. नवनिर्मिती म्हणजे ते नवीन कोणाच्या तरी रोजच्या वापरात जाऊन बसणं. या दोन टोकांमधलं अंतर किती असू शकतं, ते चिकटवून काढता येणाऱ्या चिठ्ठ्यांवरून कळतं. 'थ्रीएम' कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांना 1968 मध्ये एक विचित्र गोंद सापडला: चिकटायचा, पण सहज निघायचाही. घट्ट गोंद हवा असताना कमकुवत गोंद हाती लागला. वर्षानुवर्षं ते कंपनीत त्याबद्दल व्याख्यानं देत राहिले, कोणाला उपयोग सुचेना. त्यांपैकी एक व्याख्यान आर्ट फ्राय यांनी ऐकलं होतं. 1974 मध्ये चर्चमधल्या गायनाच्या पुस्तकातून खुणेचे कागद पुन्हा पुन्हा पडताना त्यांना तो गोंद आठवला. तरी 1977 ची बाजारातली पहिली चाचणी फसलीच. लोकांना फुकट वाटून वापरून बघू दिलं तेव्हा कुठे मागणी आली, आणि 1980 मध्ये 'पोस्ट-इट' अमेरिकाभर विक्रीला आलं. बारा वर्षं गेली. त्यातला गोंद सापडण्याचा क्षण किती छोटा!

अभ्यासक्रमात मात्र आपण तेवढाच क्षण शिकवतो: 'कल्पना सुचवा' स्पर्धा, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या, विजेत्याला प्रमाणपत्र. पुढची बारा वर्षं कोणी शिकवत नाही.

त्याहून मोठी अडचण समस्येच्या निवडीत आहे. विद्यार्थ्यांचे गट बहुधा उपाय आधी ठरवून येतात. "सर, आम्ही अॅप करणार." कशासाठी? "ते बघतोय." आता त्यात एआयची भर पडली आहे, म्हणजे "आम्ही एआय करणार, ते बघतोय."

हा रोग फक्त विद्यार्थ्यांना नाही. आफ्रिकेच्या दक्षिण भागात 'प्लेपंप' नावाची कल्पना गाजली होती. मुलांनी गोल फिरणारं खेळण्याचं चाक फिरवायचं आणि त्या जोरावर जमिनीखालचं पाणी टाकीत चढायचं. ऐकताक्षणी आवडावी अशीच कल्पना. 2006 मध्ये तिला मोठा निधी जाहीर झाला. प्रत्यक्षात मुलं मनाला येईल तेव्हा आणि मनाला येईल तेवढीच खेळतात, पाणी मात्र रोज आणि वेळेवर लागतं. मग बायका ते चाक हाताने ओढताना दिसू लागल्या, आणि साधा हातपंप बरा होता असं त्यांचं म्हणणं. ठरवलेलं उद्दिष्ट गाठायचं तर मुलांना दिवसाचे 27 तास खेळावं लागेल, असा हिशेब एका ब्रिटिश वर्तमानपत्राने मांडला. हा हिशेब पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जमला असता. तो करायला कोणी सांगितलं नाही.

आता याच्या शेजारी एक विद्यार्थ्यांचा प्रोजेक्ट ठेवू. 2007 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका वर्गात चौघांच्या गटाला काम मिळालं: कमी वजनाच्या नवजात बाळांसाठी स्वस्त इनक्युबेटर, म्हणजे बाळाला ऊब देणारी पेटी, बनवा. सुटे भाग कमी करायचे, स्वस्त धातू वापरायचा, झालं. पण त्यांच्यातला एक जण नेपाळला जाऊन आला. तिथल्या रुग्णालयात इनक्युबेटर होते, आणि रिकामे पडले होते. बाळं जन्मायची लांबच्या खेड्यांत. रुग्णालयात पोचेपर्यंत फार उशीर झालेला असायचा. म्हणजे यंत्र स्वस्त केलं असतं तरी तेही रिकामंच राहिलं असतं. गटाने प्रश्न बदलला: रुग्णालयातलं यंत्र सोडून द्यायचं आणि वीज नसतानाही आईच्या हातात चालेल असं काहीतरी करायचं. त्यातून बाळासाठी झोपायची पिशवी आणि तिच्यात 37 अंशांच्या आसपास वितळणाऱ्या मेणासारख्या पदार्थाची एक थैली तयार झाली. त्याचं नाव 'एम्ब्रेस'.

पुढचा भाग मला त्याहून आवडतो. थैली पुरेशी तापली की नाही हे दाखवायला आधी तापमानाचा आकडा होता. एका आईने सांगितलं, बाहेरची औषधं फार कडक असतात, म्हणून आम्ही अर्धाच डोस देतो. तसंच 37 दाखवलं तर आम्ही सुरक्षित म्हणून 30 वरच थांबू. गटाने आकडा काढून टाकला आणि तापमान योग्य आहे की नाही एवढंच दाखवणारी खूण ठेवली. थर्मोडायनॅमिक्सच्या कोणत्याही पुस्तकात हा बदल सापडला नसता.

यातून शिकवायचं काय? मुलांना वापरणाऱ्याकडे पाठवा, हे झालंच. पण नुसतं पाठवून भागत नाही. प्रश्नावली घेऊन गेलेला विद्यार्थी "तुम्हाला आमचं उपकरण आवडेल का?" असं विचारतो आणि समोरचा माणूस भिडेपोटी हो म्हणतो. त्याऐवजी "मागच्या वेळी ही अडचण आली तेव्हा तुम्ही काय केलंत?" असं विचारायला शिकवावं. लोक काय करू म्हणतात यापेक्षा त्यांनी काय केलं यातून जास्त कळतं. आणि परत आल्यावर मूळ प्रश्न बदलायची मुभा अभ्यासक्रमात हवी. पहिल्या आठवड्यात विषयाचं शीर्षक नोंदवून घेऊन ते गोठवणारी पद्धत असेल, तर 'एम्ब्रेस'च्या गटालाही इनक्युबेटरच बनवावा लागला असता, आणि त्यांना मार्क चांगले पडले असते.

वर्ग उभा करायचा तर

याची वेगवेगळी रूपं जगात आहेत. डेन्मार्कचं ऑलबोर्ग विद्यापीठ 1974 मध्ये सुरू झालं ते गटाने समस्या सोडवत शिकण्याच्या तत्त्वावरच. अमेरिकेतल्या ऑलिन कॉलेजने नियमित वर्ग सुरू करण्याआधी तीस विद्यार्थ्यांना वर्षभर बोलावून त्यांच्यासोबत अभ्यासक्रम घडवला, आणि तिथे विभागांच्या भिंतीच ठेवल्या नाहीत. एमआयटीच्या नेतृत्व कार्यक्रमात विद्यार्थी आळीपाळीने एकेका प्रसंगाची सूत्रं हाती घेतात आणि लगेच आपलं कसं झालं ते सहकाऱ्यांकडून ऐकतात. एमआयटी आणि स्वीडनची तीन विद्यापीठं यांनी 2000 च्या सुमारास 'सीडीआयओ' ही चौकट मांडली: कल्पना करा, आराखडा करा, प्रत्यक्षात उतरवा, चालवा. त्यातला चौथा शब्द बहुतेक ठिकाणी गळतो. व्हायवाच्या दिवशी यंत्र चाललं की ते कपाटात जातं, आणि पुढच्या वर्षी त्याचे मोटर काढून घ्यायला कपाट उघडलं जातं.

म्हणून एक साधा बदल सुचवतो: मागच्या बॅचचं यंत्र पुढच्या बॅचने सत्रभर चालवायचं, आणि आधीच्या बॅचच्या दहा टक्के गुणांचा निर्णय नंतरच्या बॅचच्या अनुभवावर ठेवायचा. तारांना लेबलं लावणं, कोडमध्ये टिपा लिहिणं, 'हे असं का केलं' याची नोंद ठेवणं, या गोष्टी मग उपदेशाशिवाय होऊ लागतात. आपण निघून गेल्यावरही काम चालू राहील अशी व्यवस्था करणं हेही नेतृत्वच, आणि ते खूप कमी शिकवलं जातं.

गटातल्या भूमिका दर तीन आठवड्यांनी फिरवाव्यात. न फिरवल्यास काय होतं, हे प्रयोगशाळेत दहा मिनिटं उभं राहिलं तरी दिसतं: सोल्डरिंगची गन एका मुलाच्या हातात घट्ट असते आणि टिपणं घेणं, रिपोर्ट सजवणं हे काम मुलीकडे आपोआप गेलेलं असतं. कोणी ठरवून केलेलं नसतं, म्हणूनच ते बदलायला कोणी तरी ठरवावं लागतं.

भांडणं होतील. मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी 1965 मध्ये गट घडण्याच्या ज्या पायऱ्या मांडल्या, त्यांत वादळाची पायरी दुसरीच आहे. शिक्षकाचा हात अशा वेळी शिवशिवतो: दोघांना बोलावू, मिटवून टाकू. थोडं थांबावं. त्यांना फक्त बोलायची रीत द्यावी: मी काय पाहिलं, त्यामुळे माझं काय अडलं, मला काय हवंय. "तू आळशी आहेस" यावर भांडणच होतं. "सोमवारी सेन्सरचे आकडे येणार होते, गुरुवारी आले, माझी चाचणी राहिली" यावर काहीतरी ठरवता येतं. छळ किंवा अपमान चालू असेल तर मात्र थांबू नये, लगेच मध्ये पडावं. तो सरावाचा भाग नाही.

मार्कांचं काय

खरं घोडं इथे पेंड खातं. "धोका पत्करा, चुका करा" असं शिक्षक म्हणतो, आणि मार्क देतो चालणाऱ्या यंत्राला. विद्यार्थी शहाणे असतात. ते शिक्षकाचं बोलणं ऐकत नाहीत, गुणांचा तक्ता वाचतात. तक्त्यात यंत्र चालण्याला साठ टक्के असतील, तर गट हमखास चालणारं, दहा वेळा झालेलं यंत्रच निवडेल. त्यांचं चुकत नाही.

मग तक्ता बदलावा लागतो. पहिला नमुना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुठ्ठ्याचा आणि तारांचा करायला लावावा. तो मोडला म्हणून गुण कापू नयेत. मोडल्यावर काय समजलं यावर द्यावेत. दुसरं म्हणजे निर्णयांची वही. प्रत्येकाने आठवड्याला एकच नोंद करायची: कोणता निर्णय झाला, कोणते पर्याय सोडले, कोणाचं मत वेगळं होतं, आणि आपण चुकत असू तर ते कशावरून कळेल. चार ओळी पुरतात. सत्राच्या शेवटी ही वही वाचली की गटात काय घडलं ते सादरीकरणापेक्षा कितीतरी स्पष्ट कळतं, आणि एकटीने उपसलेलं काम तर लगेच उघडं पडतं.

एकमेकांना गुण देण्याची पद्धतही वापरतात, पण जपून. सगळ्यांनी सगळ्यांना पैकीच्या पैकी द्यायचे असा गुप्त करार पहिल्याच आठवड्यात होतो. आकड्यांऐवजी "याने केलेली एक गोष्ट सांग, जिच्यामुळे तुझं काम बदललं" असं विचारलं तर करार करणं अवघड जातं. आणि हे सत्राच्या मध्यावर एकदा, गुणांशिवाय करावं. शेवटच्या दिवशी कळलेला दोष सुधारायला वेळच उरत नाही.

दोनशे मुलांचा वर्ग आणि शिकवायला एकटा माणूस असेल तर यातलं बरंचसं झेपणार नाही, हे उघड आहे. तरी एका चालू प्रयोगापासून सुरुवात होऊ शकते. नेहमीच्या प्रयोगाच्या सूचनांतून एक आवश्यक आकडा मुद्दाम वगळायचा आणि कोणाला सांगायचं नाही. पहिल्या दिवशी निम्मे गट शेजाऱ्याकडून आकडा उतरवतात, काही जण मनाने एक धरून चालतात. एखादी मुलगी उठून टेबलाशी येते आणि जरा दबकतच म्हणते, "सर, यात काहीतरी राहिलंय." तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून तिला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तेच पुन्हा म्हणायला सांगावं.